नदीपलीकडचं मैदान

पुण्यातल्या बसमध्ये कंडक्टर "डेक्कन, डेक्कन" असं ओरडतो. आमच्यासारख्या बाहेरून गेलेल्या बाईला पहिल्यांदा नवल वाटतं. डेक्कन म्हणजे दख्खन, विंध्य-सातपुड्याखालचा अख्खा मुलूख. तो एका बसथांब्यात मावला कसा? तर ते एका क्रीडामंडळाचं नाव आहे. डेक्कन जिमखाना. आधी मंडळ निघालं, मैदान झालं, मग भोवतीनं घरं उभी राहिली, दुकानं आली, टपाल कचेरी आली, आणि त्या सगळ्या वस्तीनं मंडळाचंच नाव घेतलं. आज तिथं राहणाऱ्या कित्येकांनी जिमखान्याच्या फाटकातून आत पाऊल ठेवलं नसेल, पण पत्ता लिहिताना डेक्कन जिमखाना, पुणे ४ असंच लिहितात.

आमच्याकडे, म्हणजे निंबोल्याला, बऱ्हाणपुरापासून असीरगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, याच्या उलट चालतं. मंडळाला गावाचं नाव मिळतं, नाहीतर देवाचं. खेळाच्या मंडळानं गावाला नाव द्यावं, हे इथं कुणाला सांगितलं तर थट्टा वाटेल. म्हणूनच मला या गोष्टीच्या मागे जावंसं वाटलं. खेळण्यासाठी जमलेली चार माणसं एवढी मोठी कशी होतात? आणि त्या चारांत आपण बायका कधी असतो, कधी नसतो?

ही गोष्ट १९०६ च्या ऑक्टोबरात सुरू होते. वंगभंगाला वर्ष झालं होतं, स्वदेशीचा जोर होता. पुण्यात खेळाची हौस नवी नव्हती. पेठांत तालमी होत्या, मल्लखांब होता, कुस्ती होती. कॅम्पात साहेबांचे क्लब होते. तिथं टेनिस, क्रिकेट, पोलो चाले, पण ते गोऱ्यांचे, गोऱ्यांसाठी. मधल्या लोकांना, शिकलेल्या आणि नोकरी-वकिली करणाऱ्यांना, जागा नव्हती. तालमीत जावं तर ती एका उस्तादाची आणि एका पेठेची. क्लबात जावं तर दारावर रंग बघतात. बाळकृष्ण नारायण भाजेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी तिसरी वाट काढली. भाजेकर पहिले चिटणीस झाले. पहिले अध्यक्ष झाले जंजिऱ्याचे नवाब. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. टिळकांचं पुणं आणि अध्यक्ष नवाब, हे आजच्या डोक्यांना जरा अवघड जातं. त्या वेळी गेलं नाही.

जागा मिळाली ती नदीपलीकडे. मुठेच्या त्या काठाला तेव्हा भांबुर्डा आणि एरंडवणे ही खेडी, त्यांची शेतं, मळे. फर्ग्युसन कॉलेज तेवढं तिकडं गेलेलं. लकडी पूल ओलांडला की गाव संपलं, असंच पेठेतल्या माणसांना वाटे. १८९७ च्या प्लेगनं मात्र दाट वस्तीची भीती बसवली होती. माळावर, मोकळ्या हवेत राहणं शहाणपणाचं आहे हे पटू लागलं होतं. मंडळ आधी गेलं, कारण खेळाला मोकळी जागा लागते आणि मोकळी जागा गावाबाहेरच असते. माणसं मागून गेली. १९२० नंतरच्या दशकात तिथं बंगल्यांची वसाहत उभी राहू लागली आणि भांबुर्ड्याच्या रानाचं नाव बदलत गेलं.

आता मंडळानं केलं काय? मला सगळ्यांत मोठं काम वाटतं ते नियम लिहून काढण्याचं. खो-खो आपण सगळ्या खेळलो आहोत. आमच्या लहानपणी निंबोल्यात शाळेच्या भिंतीपासून निंबाच्या झाडापर्यंत पाटी असे. जेवढ्या पोरी जमतील तेवढ्या बसायच्या. खो दिल्यावर वळता येतं की नाही, यावरून निम्मी संध्याकाळ भांडणात जायची, आणि जिचा आवाज मोठा तिचा नियम खरा. शेजारच्या गावात गेलं की तिथला खो-खो वेगळाच. हुतुतूचंही तसंच, आपल्याकडे हुतुतू, बंगालात हाडुडू, तमिळांकडे चेडुगुडु. गावागावाचा खेळ गावातच राहायचा. परक्याशी सामना लावायचा तर आधी भांडण मिटवायला हवं.

डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम कागदावर आणले. किती खेळाडू, किती वेळ, खांब कुठं, गुण कसे. दहा वर्षांनी बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं आपले नियम छापले. १९२८ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ निघालं आणि घोटून घोटून ते आणखी सारखे झाले. वाचताना हे कोरडं वाटतं. पण विचार करा, नियम लिहिलेला असला की ज्याला कुणाची ओळख नाही, ज्याचा आवाज लहान आहे, त्यालाही मैदानात उभं राहून म्हणता येतं, "हे बघा, इथं असं लिहिलंय." मोठ्या आवाजाच्या माणसाला लिहिलेले नियम कधीच आवडत नाहीत. घरातही नाही.

अर्थात सगळं कागदावर येत नाही. त्याच पुण्यात, जिमखाना निघायच्या थोडं आधी, बाळू पालवणकर नावाचा एक तरुण साहेबांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवत होता. चांभार समाजातला मुलगा. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो असा गोलंदाज झाला की हिंदूंच्या संघाला त्याला घेतल्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. घेतलं. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सगळ्यांनी झेलला. चहाच्या वेळी मात्र त्याला मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. १९११ मध्ये हाच बाळू इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला, तेव्हा हारतुरे झाले. त्या चहाचा नियम कुठल्याच वहीत नव्हता, तरी तो सगळ्यांना पाठ होता. मैत्रिणींनो, बाहेर बसवणं म्हणजे काय, भांडं वेगळं ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मंडळाचा इतिहास वाचताना मी म्हणून दोन गोष्टी शोधते: नियमावली कुणी लिहिली, आणि चहा कुणाला कुठं मिळाला.

१९१९ ला सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. जमशेटजींचे थोरले चिरंजीव. तरुणपणी इंग्लंडात शिकलेले आणि तिथले बहुतेक मैदानी खेळ खेळलेले. जिमखान्याच्या वार्षिक शर्यती बघायला ते पुण्याला आले. धावायला उतरलेली मुलं बहुतेक शेतकऱ्यांची होती, शेतात राबणारी, साधी भाकरी खाणारी. अनवाणी पळत होती. सरावाची शिस्तशीर पद्धत त्यांना कुणी दाखवली नव्हती. टाटांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं, की युरोपात बूट घालून, शिक्षक ठेवून पळणाऱ्यांच्या वेळेच्या जवळपास ही पोरं येतात. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्याशी ते बोलले. पुढच्या वर्षी बेल्जियममध्ये अँटवर्पला ऑलिंपिक होतं. तिथं हिंदुस्थानचा संघ का जाऊ नये?

आणि गेला. सहा जण. धावणारे चार: फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी, आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी. मल्ल दोन: कुमार नवले आणि रणधीर शिंदे. पैशाची मोठी बाजू टाटांनी सांभाळली. फडेप्पा बेळगावचे. मॅरेथॉनमध्ये, म्हणजे बेचाळीस किलोमीटरवर थोडं जास्त अंतर, त्यांनी २ तास ५० मिनिटांत पार केलं आणि जगात एकोणिसावे आले. रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले, पदकाच्या उंबऱ्यापर्यंत. खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं पदक आपल्याला माहीत असतं; त्याच्या बत्तीस वर्षं आधी दुसरा मराठी मल्ल त्या उंबऱ्यावर उभा राहून आला होता, हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना निघाली, तिचेही पहिले अध्यक्ष दोराबजीच. म्हणजे देशाच्या ऑलिंपिकचा उगम शोधत गेलं तर माणूस लकडी पुलापलीकडच्या त्या मैदानावर जाऊन पोचतो.

मला यात टाटांच्या पैशाइतकंच त्या शर्यती दरवर्षी भरवणाऱ्या लोकांचं कौतुक वाटतं. चुन्याच्या रेघा कुणी आखल्या? वेळ कुणी टिपली? त्या वर्षी थोर पाहुणे आले म्हणून नाव झालं, पण आदल्या वर्षीही कुणीतरी पहाटे उठून मैदान झाडलंच असेल. क्लब असतो तो त्या माणसांचा.

पुणं आम्हाला लांब पडतं. अमरावती त्या मानानं जवळ. बऱ्हाणपूरहून भुसावळ, तिथून अकोला, बडनेरा. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, आखाडा सुरू केला. तोच पुढं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. बाहेरगावच्या मुलांना, शिक्षकांना बोलावून शिकवायचं आणि परत आपापल्या गावी पाठवायचं, ही त्यांची रीत. म्हणून वऱ्हाड-खानदेशातल्या जुन्या शाळांत "आमचे ड्रिलचे मास्तर अमरावतीला शिकून आलेले" हे वाक्य ऐकू येई. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डी आणि इतर देशी खेळ करून दाखवले. हिटलरच्या बर्लिनमध्ये हुतुतू, हे चित्र डोळ्यांपुढं आणायला मला अजूनही जड जातं. आज त्याच मंडळाची शारीरिक शिक्षणाची महाविद्यालयं आहेत. आखाड्यातून महाविद्यालय निघणं, जिमखान्यातून उपनगर निघणं, दोन्ही त्याच काळातलं.

जगात दुसरीकडे हे कसं झालं, याची थोडी माहिती मला माझ्या नणंदेच्या सुनेकडून मिळाली. ती मेलबर्नच्या एका उपनगरात राहते. तिथं एक वेगळाच फुटबॉल खेळतात, लांबट चेंडूचा, भल्या मोठ्या अंडाकृती मैदानावर. चेंडू हातात धरून पळताही येतं. क्रिकेटवाल्यांना हिवाळ्यात अंग हलतं ठेवायला काहीतरी हवं होतं, म्हणून १८५९ च्या मे महिन्यात मेलबर्नच्या क्लबातल्या काही जणांनी एका हॉटेलात बसून त्याचे दहा नियम लिहिले. तिथंही सुरुवात कागदापासूनच. मग शहर जसं पसरलं तसा एकेका उपनगराचा एकेक क्लब झाला: कार्लटन, एसेंडन, रिचमंड. कॉलिंगवूड ही कारखान्यांत राबणाऱ्यांची गरीब वस्ती, तिचा क्लब १८९२ चा. तिथं उपनगरानं क्लबाला नाव दिलं. पुण्यात क्लबानं उपनगराला दिलं. दोन्हीकडे माणसाला सांगता येतं, मी अमक्याचा.

सून सांगत होती, "मामी, दर शनिवारी आमची पाळी असते. मध्यंतरात पोरांना द्यायला संत्र्याच्या फोडी कापायच्या, कँटीनमध्ये उभं राहायचं, चिखलानं भरलेले संघाचे कपडे घरी आणून धुवायचे." मी म्हटलं, हे तर आपल्या पंगतीसारखंच झालं की. ती हसली. शंभराहून जास्त वर्षं तिथल्या क्लबांत बायकांचं काम हेच होतं. खेळायची हौस नव्हती असं नाही. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत, पर्थ शहरात दुकानांत नोकरी करणाऱ्या मुलींनी सामने केले होते. लोकांनी मजा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. बायकांची राष्ट्रीय पातळीची लीग सुरू व्हायला २०१७ साल उजाडलं. पहिला सामना कार्लटन आणि कॉलिंगवूडचा. सुमारे साडेचोवीस हजार लोक आले, मैदान भरलं आणि दरवाजे बंद करावे लागले. बाहेर राहिलेले परत गेले. बायकांचा खेळ कोण बघणार, हे वाक्य तोवर किती बैठकांत बोललं गेलं असेल!

आपल्याकडचा हिशेब फार वेगळा नाही. अँटवर्पच्या सहा जणांत बाई नव्हती. धावण्याच्या शर्यतीत भारताच्या मुली ऑलिंपिकला पोचल्या १९५२ ला: नीलिमा घोष आणि मेरी डिसूझा. खो-खोच्या पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली, बायकांची पुढच्या वर्षी कोल्हापूरला. इथं मात्र फक्त एक वर्षाचं अंतर पडलं, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण या खेळात मुली आधीपासून होत्या. खो-खोला ना बूट लागतात ना बॅट. दोन खांब, बाकी माणसं. महागडं सामान नाही, म्हणून "मुलीवर एवढा खर्च कशाला" हा प्रश्न उठत नाही. १९७१ ला गुजरातच्या अचला देवरे यांना खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० नं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आमच्याकडे तो सामना बायकांनी स्वयंपाकघरात मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून पाहिला.

आता निंबोल्याचं सांगते. मुली खेळतात. शाळेच्या मैदानावर आठवी-नववीपर्यंत चांगल्या खेळतात, तालुक्याला जातात, एखादी जिल्ह्याला. दहावी झाली की संपतं. खेळ संपत नाही खरं तर, जागा संपते. शाळेचं मैदान शाळेतल्या मुलींसाठी. शाळा सुटलेल्या मुलीनं संध्याकाळी कुठं जायचं? मुलगे रस्त्याकडेला, केळीच्या बागांलगतच्या पडीत क्रिकेट खेळतात, त्यांना कुणी विचारत नाही. सतरा-अठरा वर्षांची मुलगी पडीत जाऊन खेळेल का? पुणेकरांनी, अमरावतीकरांनी मंडळं काढली ती नेमकी याचसाठी: शाळेनंतरच्या माणसाला जागा असावी, वही असावी, वर्गणीची पावती असावी, आणि "मंडळात चालले" असं घरी सांगता यावं. मुलीच्या तोंडी हे शेवटचं वाक्य फार उपयोगाचं आहे. "खेळायला चालले" याला घरात जे उत्तर मिळतं, ते "मंडळात चालले" याला मिळत नाही.

आमच्या इथल्या एका मंडळाकडे गावाच्या कडेला एक प्लॉट आहे. देणगीतून घेतलेला. त्यावर मंगल कार्यालय बांधायचं चाललंय. मी त्याच्या विरुद्ध नाही. लग्नं होतात, पंगती बसतात, भाडं येतं, भाड्यातून चार चांगली कामं होतात. पण बऱ्हाणपुरापर्यंतच्या रस्त्यावर कार्यालयं मोजायला घेतली तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत, आणि मुलींना खेळायला राखलेली जागा एकही नाही. बैठकीत मी हे बोलले तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, "ताई, मैदानातून उत्पन्न काय?" मी डेक्कन जिमखान्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ते पुणं आहे. मी म्हटलं, काका, १९०६ ला तेही भांबुर्डा होतं.

निर्णय झालेला नाही. पुढची बैठक पर्युषणानंतर आहे आणि ठरावावर सह्या हव्या आहेत. आतापर्यंत एकतीस झाल्यात, त्यातल्या चोवीस बायकांच्या. कार्यालय आणि मैदान दोन्ही बसवता येईल का, असा एकानं मधला मार्ग काढला. मग मी दोघी पोरींना घेऊन टेप लावून आले. खो-खोचं मैदान सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद, भोवती दीड मीटर मोकळं. फुटांत साधारण नव्व्याण्णव बाय त्रेसष्ट. प्लॉटची मागची बाजू, जिथं सध्या कडबा रचतात, ती एकशे दहा बाय सत्तर भरली.